शेऱ्याचा रकाना

शिर्केकाका गरम पाण्यावर कधी विश्वास ठेवत नसत. झाशीची थंडी वाईट. पौषात घरोघरी बादलीत बिजलीचा रॉड सोडलेला असतो. काका आधी बटण बंद करायचे, बंद झालंय का ते दोनदा बघायचे, रॉड काढून ठेवायचे आणि मग लाकडी पळीने बादलीचा तळ गाठून पाणी ढवळत बसायचे. सावकाश, वीस-पंचवीस वेळा.

"वर उकळतंय आणि खाली विहीर आहे. याला गरम पाणी म्हणत नाहीत. ही दोन पाण्यं आहेत."

चहाचं तेच, दुधाचं तेच. काकू वैतागून म्हणायच्या, "यम दारात आला तर त्यालाही सांगतील, थांब बाबा, आधी ढवळू दे."

काकू आधी गेल्या. काका गेल्या फाल्गुनात गेले. लक्ष्मी गेटच्या आतल्या त्या गल्लीत माणसं बरीच जमली होती आणि जो तो त्यांच्या कामाबद्दल चांगलं बोलत होता. मीही दोन शब्द बोलावे असं कोणीतरी सुचवलं. मी मान हलवली आणि मागे सरकलो. मी बोलणारा माणूस नाही, लिहिणारा तर नाहीच. पण त्यांच्याबाबत मी एकदा खोटं बोललो आहे, आणि ते सांगितल्याशिवाय त्यांच्याविषयी चांगलं सांगायचा मला हक्क नाही. तरी आधी माणूस सांगतो.

आमचा कारखाना प्लॅस्टिकच्या फिल्मचा. दुधाच्या पिशव्यांची फिल्म, धान्याच्या पोत्यांचं अस्तर, असलं. काम वरून सोपं दिसतं. प्लॅस्टिकचे दाणे तापलेल्या लांब नळीत जातात, आतला स्क्रू त्यांना दळत-वितळवत पुढे ढकलतो, आणि तो घट्ट रस डायच्या, म्हणजे साच्याच्या, गोल फटीतून वर येतो. त्यात हवा भरली की माणसाच्या तिप्पट उंचीचा फुगा उभा राहतो. वर जाता जाता थंड होतो, चपटा होतो, गुंडाळला जातो. नळीवर आणि डायवर जागोजागी हीटर, प्रत्येकाचा वेगळा झोन, प्रत्येक झोनचा पॅनेलवर आकडा. मी डिप्लोमा करून नवा सुपरवायझर म्हणून आलो त्या दिवशी पॅनेलवर सगळे आकडे एकशे ऐंशी, हिरवे, एका रांगेत. मी खूश.

मशीनवर एक बारीक, उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. बाकीचे त्याला दाऊ म्हणत होते. बुंदेलीत वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. त्याने माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि एकदम मराठीत म्हणाला, "हे आकडे लोखंडाचे आहेत. रसाचा कुठाय?"

मला कळलं नाही. म्हणजे मराठी कळली, म्हणणं कळलं नाही.

"तापमान बघायची सुई लोखंडात बसवलेली आहे. ती लोखंडाला विचारते, तू किती तापलंस? लोखंड सांगतं. आत वाहतोय त्याला कोणी विचारलंय? भिंतीलगतचा रस वेगळा, मधला वेगळा, या अंगाचा वेगळा, त्या अंगाचा वेगळा. सगळा एकसारखा झाला तर फिल्म. नाहीतर नुसता फुगा."

मग काकांनी मला गुडघ्यांवर हात टेकून वाकायला लावलं आणि फुग्याकडे बघायला सांगितलं. फुगा खाली काचेसारखा स्वच्छ असतो. थोडं वर गेल्यावर रस गोठतो आणि फिल्म धुरकट होते. जिथे हा बदल होतो तिथे फुग्याभोवती एक कडं दिसतं. इंग्रजीत त्याला नाव आहे, पण काका त्याला धुक्याची रेघ म्हणत. ती समतळ हवी. एका अंगाला खाली कलली, तर त्या अंगाचा रस गार. गार रस ताणला जात नाही, मग शेजारचा जास्त ताणला जातो आणि तिथे पातळ पट्टा पडतो. पॅनेल काहीही म्हणो. काका दर पंधरा मिनिटांनी असं वाकून चारी बाजूंनी बघत. लोडिंगवरचा रामरतन मागून ओरडायचा, "काए दाऊ, दुलहिन देख रए का?" काका न वळता म्हणायचे, "हओ. तुमाई नईं, हमाई।"

आमच्यात त्या मशीनच्या दोन बाजूंना नावंही त्यांचीच होती. ओरछा गावाकडचं ते ओरछ्याचं अंग, झाशीकडचं ते शहराचं अंग. डावं-उजवं म्हटलं की कोण कुठे उभं आहे त्यावर बदलतं, ओरछा काही हलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मशीन सुरू करताना, फुगा उचलायच्या आधी, ते हातातली लांब सुई डायमधून निघणाऱ्या रसात खुपसून खरं तापमान बघत. तेही आधी सुई बाहेर पडलेल्या गरम लगद्यात धरून तापवत, मगच आत. मी एकदा घाईने गार सुई आत घातली. त्यांनी हात धरला. "गार सुई आपलंच सांगते," म्हणाले. हे वाक्य त्यांनी मला पुढे बऱ्याच बाबतीत ऐकवलं. सुईपुरतं ते कधीच नव्हतं.

त्यांचं घराणं झाशीत सात-आठ पिढ्यांचं. कुठला तरी पूर्वज फौजेबरोबर आला आणि राहिला. माझं तसं नाही. माझे वडील फौजेत, झाशीजवळ बबीन्याच्या छावणीत शेवटची बदली, निवृत्त होऊन इथेच थांबले. मी शिकलो हिंदीत, भांडलो हिंदीत. मराठी आईशी बोलण्यापुरती. पहिल्याच दिवशी काका म्हणाले होते, "या कारखान्यात मराठी माणसं दोनच. मी थोरला, तुम्ही धाकटे." तेव्हापासून मी त्यांचा धाकटे. वयाने मुलासारखा, पण सुपरवायझर म्हणून अहो-जाहो. "काय धाकटे, जेवलात?" असं ते भर मशीनच्या गोंगाटात विचारायचे.

"तुमची मराठी छावणीची आहे," असंही म्हणायचे. "नुसते हुकूम येतात तिच्यात."

त्यावर त्यांनी उपाय काढला. प्रत्येक पाळीला मशीनची वही भरावी लागे. झोनचे आकडे, रोलचं वजन, शेवटी शेऱ्याचा रकाना आणि त्याच्या शेजारी सुपरवायझरच्या सहीचा. आकडे ते सगळ्यांसारखे लिहीत. शेरा मात्र मराठीत, बारीक, जोडून लिहिलेल्या जुन्या वळणाच्या अक्षरात. पाळी बदलताना वही माझ्यासमोर धरून म्हणायचे, "वाचा." मी मोठ्याने वाचायचा, अडखळायचा, ते दुरुस्त करायचे, मग मी सही करायचा. दिवसाचं एक वाक्य. "शहराच्या अंगास हवेचा झोत किंचित उणा." "दाणा दमट, फुगा रुसलेला." कारखान्यात दुसऱ्या कोणाला ते लागत नसे, आणि कोणी विचारतही नसे. तसं सात वर्षं चाललं. माझी मराठी, म्हणजे ही जी तुम्ही वाचताय ती, त्या रकान्यातली आहे.

आता ते सांगतो.

एका डेअरीची मोठी ऑर्डर होती. मशीन रात्रंदिवस चालू. त्यात डायच्या तिसऱ्या झोनची सुई गेली. पॅनेलवर आकडा वेडावाकडा उड्या मारू लागला. नवी सुई कानपूरहून यायला चार-पाच दिवस. मशीन थांबवायचं तर शेठजींना सांगावं लागणार, आणि मला प्लांटचा इन्चार्ज करायचं त्यांनी त्याच आठवड्यात बोलून दाखवलं होतं. मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पॅनेल उघडलं आणि दुसऱ्या झोनच्या सुईची तार तिसऱ्यालाही जोडून दिली. आता दोन्ही झोन एकाच सुईचं बोलू लागले. एकशे ऐंशी, एकशे ऐंशी. हिरवे.

काका जेवून आले, पॅनेलकडे बघितलंसुद्धा नाही. वाकले. उठले. पुन्हा वाकले.

"धाकटे, ओरछ्याच्या अंगाला रेघ खाली कललीय."

"आकडे तर बरोबर आहेत, काका."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना तार दिसली नव्हती, पण त्यांना तार दिसायची गरज नव्हती. "मशीन थांबवू या," म्हणाले.

"ऑर्डर जाऊ दे. रविवारी बघू."

पाळी संपताना त्यांनी वही समोर धरली. "वाचा."

मी वाचलं. 'तिसऱ्या झोनचा आकडा खरा नव्हे. ओरछ्याच्या अंगास रस गार उतरतो. धाकट्यांच्या कानावर घातले.'

मी हसलो. हसून वही बाजूला सारली आणि म्हणालो, "सही मागाहून करतो."  त्यांनी टोपी घातली आणि ते गेले.

तीन आठवड्यांनी डेअरीची तक्रार आली. पिशव्या एकाच रेषेवर फाटत होत्या, गाडीतच, क्रेटच्या क्रेट. माल परत आला. शेठजींनी दुपारी केबिनमध्ये आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर फाटलेल्या पिशव्या, आंबलेल्या दुधाचा वास, आणि ती वही. शेठजींनी त्या दिवसाचं पान उघडलं. आकडे सगळे सरळ होते. मग त्यांचं बोट शेऱ्यावर थांबलं.

"ये क्या लिखा है? आप लोगों की भाषा है। पढ़ के बताइए।"

वही माझ्याकडे सरकवली. काका माझ्या शेजारी उभे होते, खुर्चीवर बसले नव्हते. मला त्यांच्या कपड्यांचा वास येत होता, तापलेल्या प्लॅस्टिकचा.

मी घाबरलो होतो असं लिहिलं तर ते सोपं होईल. मी घाबरलो नव्हतो. मला लाज वाटत होती, की यांनीच शिकवलेलं यांच्यासमोर मोडलं. आणि त्या लाजेतून जे आलं ते न अडखळता आलं. मराठी वाचताना मी नेहमी अडखळायचो. हे हिंदी होतं.

"लिखा है, सर, ओरछा तरफ की हवा मैंने अपने हिसाब से कम कर दी। बाकी सब ठीक।"

"किससे पूछ के?" शेठजी काकांकडे वळले. "और साइन भी नहीं है सुपरवाइजर का। दिखाया तक नहीं इनको?"

 मला वाटलं, आता काका बोलतील. एक वाक्य पुरे होतं. हिंदी त्यांची माझ्याहून चांगली होती. बाहेर मशीनचा आवाज चालू होता. शेठजी म्हणाले, "बोलिए, शिर्के जी। यही लिखा है?"

काकांनी वहीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"पढ़ना हमने ही सिखाया है इनको, मालिक। सही ही पढ़ा होगा।"

शेठजी त्यांना काढूनच टाकणार होते. मी रदबदली केली. हो, मीच. इतक्या वर्षांचा माणूस आहे, एक चूक झाली, वगैरे. त्यांना मशीनवरून काढून ग्राइंडरवर पाठवलं. वाया गेलेली फिल्म जिथे दळून पुन्हा दाणा करतात ते पत्र्याचं शेड. कामाला अक्कल लागत नाही. फिल्मचे बोळे तोंडात ढकलायचे आणि आवाज सोसायचा. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. काका कापसाचे बोळे कानात घालून आठ वर्षं तिथे उभे राहिले, निवृत्त होईपर्यंत.

मी इन्चार्ज झालो. त्यांनी मला पुन्हा कधी धाकटे म्हटलं नाही. "साहेब" म्हणू लागले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. कधी शेडवरून गेलो तर उठून उभे राहायचे. एकदा दिसलं, ते ग्राइंडरमध्ये टाकायच्या आधी फिल्मचा तुकडा उजेडाकडे धरून अंगठा फिरवत होते, कुठे पातळ, कुठे जाड. कोणासाठी बघत होते कोण जाणे. मी पाठ फिरवली.

त्यांची मुलगी शालू एका शाळेत गणित शिकवते. तिला मराठी सगळी कळते, बोलताना हिंदीत येते. घटना घडली त्या वर्षी संक्रांतीला ती माझ्या घरी तिळगुळाचा डबा घेऊन आली. दारातच म्हणाली, "अंकल, पापा से जिंदगी में एक गलती हुई। आप न होते तो नौकरी चली जाती।" मी डबा घेतला. पुढे दर संक्रांतीला तो डबा येत राहिला आणि मी दर संक्रांतीला घेत राहिलो. माझी बायको म्हणायची, किती जाण आहे पोरीला.

वही मी माझ्या कपाटात कुलपात ठेवली होती. फाडून टाकावी असं कितीदा वाटलं. धीर झाला नाही, की लबाडी पुरेशी नव्हती, सांगता येत नाही.

गेल्या वर्षी नवं मशीन आलं. त्याची सुई लोखंडात नाही, थेट वाहत्या रसात घुसलेली. पडद्यावर दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात, भिंतीचा वेगळा, रसाचा वेगळा. बसवायला आलेला इंजिनियर तरुण होता. मोठ्या कौतुकाने म्हणाला, "सर, पहले वाले तो सिर्फ बैरल का बताते थे, मेल्ट का पता ही नहीं चलता था।" मी म्हणालो, "एका माणसाला कळायचं." मराठीतच म्हणालो. तो हसला, त्याला काय कळणार. त्या संध्याकाळी मी कपाट उघडलं.

पौष लागला होता. मी गेलो तेव्हा काका आपल्या घराच्या ओट्यावर उन्हात बसले होते, कानटोपी, खांद्यावर घोंगडी. शेजारी बादली, बादलीत पळी. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. शालू आत चहा करत होती. मी वही काढली, ते पान उघडलं आणि वाचलं.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "मोठ्यानं," म्हणाले.

मी आवाज चढवला. त्यांनी कानटोपी वर केली, कानामागे तळवा धरला. "ग्राइंडरनं नेले हो कान, साहेब. मोठ्यानं वाचा."

आयुष्यात कधी ओरडून बोललो नाही, तो मी त्या गल्लीत ओरडून वाचू लागलो. समोरच्या गिरणीतला माणूस बाहेर आला. वरच्या खिडकीत दोन बायका. "तिसऱ्या झोनचा आकडा खरा नव्हे! ओरछ्याच्या अंगास रस गार उतरतो! धाकट्यांच्या कानावर घातले!"

शालू चहाचे कप घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, माहीत नाही.

"ये पापा ने लिखा था?"

"हो."

"उसी दिन?"

"त्याच दिवशी."

"धाकटे कौन?"

मी मराठीतच सांगितलं, "मी." मग केबिनमध्ये काय वाचलं तेही सांगितलं. तेही हळू सांगता आलं असतं. पण आवाज एकदा चढला होता, उतरेना. तिने एक कप वडिलांपुढे ठेवला. दुसरा हातातच राहिला. तो घेऊन ती आत गेली. पुढे संक्रांत आली आणि गेली.

काकांना किती ऐकू आलं ठाऊक नाही. पण मुलीचा चेहरा त्यांनी पाहिला होता.

"तिला कशाला सांगितलंत?" ते म्हणाले. "तिला तुमचा फार आधार वाटायचा."

 त्यांनी हात पुढे केला, मी वही दिली. चष्मा पुसून त्यांनी ती ओळ स्वतः वाचली, बोट ठेवून, जसं मला वाचायला लावायचे तसं. बोट शेऱ्यावरून पुढे सरकलं आणि शेजारच्या कोऱ्या चौकटीवर थांबलं.

"साहेब, इथं सही राहिली आपली. मागाहून करतो म्हणाला होतात."

मी खिशातून पेन काढलं. सही केली. खाली तारीख घालायची पद्धत. मी पानाच्या माथ्यावर बघून त्या दिवसाची लिहू लागलो. त्यांनी माझं मनगट धरलं, गार सुई घातली तेव्हा हात धरला होता तसं.

"मागची नको. आजची घाला."

मी आजची घातली.

त्यांनी वही उचलली, उन्हाकडे तिरपी धरून पान पाहिलं, मिटली आणि मांडीवर ठेवली. ती परत द्यायचा त्यांचा विचार दिसला नाही, मीही मागितली नाही. गल्लीच्या तोंडाशी जाऊन वळून पाहिलं. चहा तसाच होता. ते वहीवर पंजा पसरून बसले होते. नुकत्याच उतरलेल्या रोलवर ते असाच हात ठेवायचे, आत किती ऊब उरली आहे ते बघायला.